यादी म्हणजे बिल नव्हे



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गुडघ्याचं दुखणं, नातवाची मुंज आणि आळस, तिन्हींनी मिळून वेळ खाल्ला. असो. आज मात्र भांडायला बसले आहे, आणि भांडण घरातलंच आहे. माझा भाचा हे पान नेमाने वाचतो, तेव्हा त्याला तोंडावर सांगितलेलं इथे पुन्हा सांगितलं तर पाठीमागे बोलले असं होणार नाही.

भाचा सॉफ्टवेअर करतो. आमच्या गल्लीतल्या बारा बायकांचा बचतगट दिवाळीत फराळ विकतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच (गेल्या वर्षी तुमच्यातल्या काहींनी चिवडा मागवला होता. पावले!). पूर्वी ऑर्डरी फोनवर यायच्या आणि मी त्या शंभर पानी वहीत लिहायची. २०२५ च्या दिवाळीसाठी भाच्याने आम्हाला ऑनलाइन दुकान काढून दिलं. फुकट, प्रेमाने. दिसायलाही सुंदर. मला मराठी मजकूर तपासायला बसवलं. तेव्हा मी सहज विचारलं, “अरे, हे कार्ट आणि ऑर्डर वेगवेगळ्या वह्यांत आहेत ना?” तो हसला आणि म्हणाला, “मावशी, कार्ट म्हणजे न झालेली ऑर्डरच. एकच तक्ता आहे. एका रकान्यात स्थिती लिहिली की झालं.”

हे वाक्य मला तेव्हाच खटकलं होतं. पण बीए मराठीतून, वय चौऱ्याहत्तर, आणि समोर इंजिनिअर! गप्प बसले. ती माझी चूक.

झालं असं. घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, ऑर्डरी सुरू झाल्या. चकलीचा भाव लावला होता किलोला ४४० रुपये. कोजागरीला बसून खर्च पुन्हा मांडला, तेव्हा लक्षात आलं की या भावात हाताला काही उरत नाही. दुसऱ्या दिवसापासून ४८० करायचं ठरलं. भाच्याने मोबाइलवरून एका आकड्याचा दुसरा आकडा केला. आणि त्याच दिवशी दुपारी त्रेसष्ट माणसांना आपोआप संदेश गेला, “आपल्या ऑर्डरची बाकी आहे, कृपया भरावी.” दोन किलो चकलीचे ८८० रुपये ज्यांनी पंधरा दिवसांपूर्वी चोख भरले होते, त्यांच्याकडे आता ८० रुपये बाकी!

का? तर ऑर्डरीत फक्त ‘चकली, दोन किलो’ एवढंच लिहिलेलं. भाव लिहिलेलाच नव्हता. जेव्हा जेव्हा ऑर्डर उघडायची, तेव्हा सॉफ्टवेअर मालाच्या यादीत जाऊन आजचा भाव बघून यायचं आणि गुणाकार करायचं. काल घेतलेल्या चकलीला आजचा भाव!

त्रेसष्टांत माझे जुने विद्यार्थी होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते काठी टेकत घरी आले, ८० रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “बाई, माझ्या नावावर उधारी नको.” मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्यांनी ज्यांनी भरले त्यांचे परत केले, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

भाच्याने काय केलं? संदेश बंद केले. दुखणं तसंच ठेवून कण्हणं बंद केलं म्हणा ना.

खरा घाव वसुबारसेला बसला. त्या दिवशी आम्ही हिशोब करून वाटणी करतो. सॉफ्टवेअरने जमेचा जो आकडा दाखवला, त्यापेक्षा पेटीत आणि बँकेत मिळून ४,७२० रुपये कमी. पेटी जिच्याकडे असते ती आमच्यातली सर्वांत गरीब बाई. नवरा नाही, दोन मुली. कोणी काही बोललं नाही. पण बारा बायका एका खोलीत गप्प बसतात तेव्हा काय होतं ते मला सांगायला नको. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “मी उद्या आणून ठेवते.” म्हणजे चोरी न करता भरपाई!

मी म्हटलं, थांबा. माझी शंभर पानी वही मी बंद केली नव्हती. सवय! रोज रात्री मोबाइलमधून बघून ऑर्डर, भाव, तारीख उतरवत होते. रात्री दीड वाजेपर्यंत ताळा केला. भाव वाढायच्या आधी विकलेली चकली ११८ किलो. किलोमागे ४० रुपये. ११८ गुणिले ४०, बरोबर ४,७२०. पैसे कमी नव्हतेच. सॉफ्टवेअरने न मिळालेले पैसे मिळाले म्हणून मांडले होते.

सकाळी त्या बाईच्या घरी जाऊन वही दाखवली. ती हसली, पण त्या आदल्या रात्रीचं काय? म्हणून मला हा विषय ‘तांत्रिक’ वाटत नाही. तांत्रिक म्हणून बाजूला सारायलाही मी देणार नाही.

आता मुद्द्यावर येते.

लहानपणी आई महिन्याची यादी लिहायची. तूरडाळ पाच शेर, गूळ अडीच शेर, मग गूळ खोडून दोन शेर, मग वडील म्हणायचे चहा वाढव, पुन्हा खाडाखोड. त्या यादीला कोणी जाब विचारत नव्हतं. ती हरवली तर दुसरी लिहायची. वाण्याकडे गेल्यावरही गूळ बघून नको म्हणता यायचं. पण शेठजींनी एकदा माल बांधला, भाव मांडले, बेरीज केली आणि वहीत ‘नावे’ टाकलं, की संपलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी गूळ महागला म्हणून कालची बेरीज बदलणारा वाणी मी अख्ख्या आयुष्यात पाहिला नाही. लबाड पाहिले, वजनात मारणारे पाहिले, पण असा नाही.

भाचा म्हणतो, “मावशी, तुझा वाणी त्याच कागदावर भाव मांडायचा ना? मग यादीचंच बिल झालं की! एकच कागद.” मुलगा हुशार आहे. खरं आहे, पुष्कळदा तोच कागद असायचा. पण मग तो कागद कुठे जायचा? गल्ल्याशेजारी लटकणाऱ्या तारेच्या आकड्यात! एकदा तारेत ओवलेल्या कागदावर पुन्हा कोणी पेन्सिल चालवत नव्हतं. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये कागद एक आहे याला माझी अर्धीच हरकत आहे. तुझ्याकडे तारच नाही, याला पूर्ण आहे.

मग त्याने मला मोठमोठी नावं सांगितली. मीही हट्टी, एकेक समजून घेतलं. स्प्री नावाचं दुकानाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कार्ट ही ऑर्डरचीच पहिली पायरी: कार्ट, मग पत्ता, मग पाठवणी, मग पैसे, मग खात्री, मग पूर्ण. ड्रुपल कॉमर्समध्येही कार्ट ही एक ऑर्डरच, फक्त ‘अजून कार्ट आहे’ अशी खूण केलेली. “बघ, जगात असंच करतात,” भाचा म्हणाला. मी म्हटलं, अर्धवट वाचू नकोस, शाळेतही तुझी हीच खोड होती. स्प्रीमध्ये ऑर्डरीच्या प्रत्येक ओळीत त्या वस्तूचा भाव उतरवून ठेवतात, आणि ऑर्डर पूर्ण झाली की पूर्ण झाल्याची वेळ नोंदवतात. म्हणजे त्यांनी एकच कागद घेतला, पण तार लावली. तू त्यांचा कागद उचललास आणि तार दुकानातच विसरलास.

दुसऱ्या पंथाची माणसंही आहेत. वूकॉमर्समध्ये कार्ट तात्पुरत्या खणात राहते, आणि ऑर्डर ही स्वतंत्र नोंद तयार होते. मजेंटोमध्ये तर दोन वेगळे तक्ते, आणि कार्टच्या तक्त्याचं नाव काय ठेवलंय माहीत आहे? ‘कोट’. म्हणजे कोटेशन! मला तर उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. शाळेत साधे बाक घ्यायचे तरी आम्ही तीन दुकानांची कोटेशनं मागवायचो. कोटेशन म्हणजे ‘घेतलंत तर या भावाने देऊ’. त्यातलं एक मंजूर झालं की खरेदीचा आदेश वेगळ्या कागदावर, वेगळ्या क्रमांकाने निघायचा. कोटेशनवरच खाडाखोड करून त्याचा आदेश केला असता, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी आमचं काय केलं असतं!

मी दुसऱ्या पंथाची. तार लावली तरी मला वह्या दोनच हव्यात. कारण सांगते. एकाच तक्त्यात इच्छा आणि व्यवहार दोन्ही ठेवले, की जो जो म्हणून मोजायला बसेल त्याने प्रत्येक वेळी आठवणीने म्हणायचं, ‘कार्ट सोडून’. एकदा विसरला की बोंब. आमच्याकडे ती बोंब झालीच. भाच्याच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘ऑर्डरी २३१’. खऱ्या होत्या १६४. उरलेल्या ६७ म्हणजे कोणीतरी रात्री झोप येत नाही म्हणून टोपलीत चार वस्तू टाकून बघितलेल्या. आम्ही २३१ धरून भाजणी दळून आणली. महिनाभर घरोघरी थालीपीठं झाली (चांगली झाली, ते सोडा).

आणि क्रमांक! कार्टलाच ऑर्डरीचा क्रमांक दिल्यामुळे १०४१ नंतर एकदम १०५७. बायका विचारू लागल्या, मधल्या पंधरा कुठे गेल्या? कुठे जायच्यात? नव्हत्याच. शाळेत फीच्या पावतीपुस्तकात चुकलेली पावतीसुद्धा फाडून टाकता येत नसे. दोन्ही प्रती एकत्र टाचून वर ‘रद्द’ लिहायचं. पुस्तकातला एक क्रमांक गहाळ म्हणजे कारकुनाची झोप गहाळ. म्हणून क्रमांक द्यायचा तो माणसाने ‘हो, घेतलं’ म्हटल्यावरच द्यावा.

मी मराठी शिकवत होते, त्यामुळे मला सगळीकडे व्याकरण दिसतं, माफ करा. ‘मी चकली घेते’ यात क्रियापद माझ्यामागे चालतं. पुरुष असता तर ‘घेतो’. हा कर्तरी प्रयोग. पण ‘मी चकली घेतली’ म्हटलं की बाई असो वा बुवा, ‘घेतली’च. लाडू असेल तर ‘घेतला’, अनारसे असतील तर ‘घेतले’. क्रियापदाने माझा हात सोडला आणि वस्तूचा धरला. कर्मणी प्रयोग. मुलांना हे शिकवताना चाळीस वर्षं गेली. काळ बदलला की वाक्याची मालकी बदलते, हे आपल्या भाषेला कळतं आणि भाच्याच्या तक्त्याला कळत नाही. त्याच्या तक्त्यात दोन्ही वाक्यं एकच, फक्त शेवटी एक शब्द वेगळा.

यावर त्याने आपलं शेवटचं अस्त्र काढलं. कॉलेजात शिकवलेलं. “एकच माहिती दोन ठिकाणी लिहायची नसते, मावशी. चकलीचा भाव मालाच्या यादीत आहे, तो पुन्हा ऑर्डरीत लिहिला तर दुबार होतो. एक बदलला आणि दुसरा राहिला तर घोटाळा.”

हे तत्त्व खोटं नाही. पण मुळात या दोन गोष्टी एक आहेतच कुठे? ‘चकलीचा भाव’ ही एक गोष्ट. ‘अमुक तारखेला अमक्या माणसाला आपण लावलेला भाव’ ही दुसरी. पहिली बदलते, बदलायलाच हवी. दुसरी होऊन गेली. ती बदलणं कुणाच्या बापाच्या हातात नाही. दोन्ही आकडे योगायोगाने चार दिवस सारखे होते म्हणून त्या एक होत नाहीत. जुळ्या भावंडांना एकच दाखला द्याल का?

दाखल्यावरून आठवलं. शाळेचं जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. मुलीचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. त्यात खोडरबर चालत नाही. चूक झाली तर एक रेघ, वर लाल शाईने दुरुस्ती, मुख्याध्यापकांची सही. जुनं अक्षर वाचता आलं पाहिजे. लग्न झालेल्या मुली वीस वर्षांनी दाखल्याची दुसरी प्रत मागायला यायच्या. म्हणायच्या, “बाई, आताचं नाव घाला ना, बँकेत सोपं जातं.” जीव तुटायचा, पण घालता येत नसे. रजिस्टर तू आज कोण आहेस ते सांगत नाही गं, त्या दिवशी या शाळेत कोण होतीस ते सांगतं. आजचं नाव सांगायला दुसरे कागद आहेत.

ऑर्डर म्हणजे दुकानाचं जनरल रजिस्टर. त्यात वस्तूचं नाव त्या दिवशी होतं तसं, भाव त्या दिवसाचा, सवलत दिली असेल तर तेवढी, आणि पत्ता ज्या घरी पाठवायचं ठरलं तो. नुसती ‘पत्ता वहीत बघा’ अशी खूण नको. कारण तोही प्रकार झाला! एका बाईंनी लेकीला पुण्याला एक डबा पाठवायची ऑर्डर दिली. मग खात्यातला पत्ता बदलून मुलासाठी नाशिकची दुसरी दिली. दोन्ही डबे नाशिकला. लेकीने भाऊबीजेपर्यंत आईशी अबोला धरला म्हणे.

आणि भाऊबीजेनंतर अनारशांची गंमत. अनारसे करणाऱ्या काकू मुलाकडे कायमच्या निघाल्या, म्हणून भाच्याने यादीतून अनारसे पुसले. लगेच सगळ्या जुन्या ऑर्डरींतून अनारसे गायब! लोकांनी खाल्लेले, पैसे भरलेले अनारसे. उद्या कुणी म्हणालं की आम्ही अनारसे विकलेच नाहीत, तर भाच्याचं सॉफ्टवेअर शपथेवर साक्ष देईल.

हे फक्त फराळापुरतं आहे असं वाटत असेल तर मोठ्या दुकानांचा विचार करा. ज्या दिवशी आमची घटस्थापना होती, त्याच २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. एसीवरचा कर २८ टक्के होता तो १८ झाला. ऑगस्टमध्ये कुणी ३०,००० रुपये मूळ किमतीचा एसी घेतला असेल तर त्याने दिले ३८,४००. डिसेंबरमध्ये वॉरंटीसाठी त्याने तेच बिल पुन्हा उतरवून घेतलं आणि दुकानाचं सॉफ्टवेअर भाच्याच्या चालीचं असेल, तर बिलावर येणार ३५,४००. बँकेच्या कागदावर एक आकडा, बिलावर दुसरा. आणि सरकारात भरलेल्या कराचं काय? करच ३,००० रुपयांनी हवेत विरला.

कायद्याला ही खोड माहीत आहे बरं का. जीएसटीच्या नियमांत ५६ वा नियम आहे. त्याच्या आठव्या कलमात म्हटलंय की नोंद पुसायची नाही, तिच्यावर गिरवायचं नाही. चुकली तर रेघ मारून साक्षांकित करायची आणि मग बरोबर नोंद करायची. हिशोब संगणकावर असेल तर बदललेल्या वा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीची नोंद ठेवायची. आमच्या लाल शाईचंच सरकारी भाषेत रूपांतर! आणि माल परत आला तर मूळ बिलाला हात लावत नाहीत, वेगळी क्रेडिट नोट काढतात. आमची उलाढाल जीएसटीच्या नोंदणीच्या मर्यादेपर्यंत स्वप्नातही जात नाही. पण म्हणून काय लहान दुकानाने जुनं बिल बदलावं?

मग कार्टला काहीच शिस्त नको का? हवी, पण वेगळी. कार्टमधला भाव रोज नवा दिसला पाहिजे. चार दिवसांपूर्वी ४४० ला टोपलीत टाकलेली चकली आज ४८० ची असेल तर तसं स्पष्ट सांगावं, ‘भाव वाढलाय, घ्यायची का?’ गुपचूप नव्हे. म्हणजे पाहा, ऑर्डरीत जे पाप आहे तेच कार्टमध्ये कर्तव्य आहे. दोघींना एकच नियम लावायला गेलात, तर कोणत्यातरी एकीवर अन्याय होणारच.

वकिलीच्या अभ्यासात इंग्लंडचा एक जुना खटला शिकवतात, बूट्स या औषधांच्या दुकानाचा, १९५३ चा. पुतणीने मला सांगितला. ग्राहकाने फळीवरची बाटली उचलून टोपलीत टाकली म्हणजे विक्री झाली का? न्यायालय म्हणालं, नाही. ग्राहक गल्ल्याशी वस्तू पुढे करतो तेव्हा तो मागणी करतो, आणि गल्ल्यावरचा माणूस ती स्वीकारतो तेव्हा सौदा होतो. नाहीतर एकदा टोपलीत टाकलेली वस्तू परत ठेवायचीसुद्धा सोय राहिली नसती! संगणक घरात यायच्या कितीतरी आधी हा निकाल लागला आहे, आणि मला मोबाइलवरच्या दुकानालाही तो जसाच्या तसा लागू वाटतो.

अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या साठवणीच्या व्यवस्थेवर एक निबंध लिहिला. डायनॅमो नाव तिचं. भाच्यानेच मला त्याचा सारांश सांगितला, त्याच्याच विरुद्ध जाईल हे न कळता. त्यात कार्टबद्दल असं आहे की, टोपलीत टाकलेली वस्तू कधीही हरवता कामा नये. दोन ठिकाणच्या टोपल्यांत फरक पडला तर दोन्ही एकत्र करायच्या. त्यात कधी काढून टाकलेली वस्तू परत उगवेल, तेवढं चालेल. टोपलीत चालेल हो! एक जास्तीचा साबण दिसला तर माणूस काढून टाकतो. पण झालेल्या ऑर्डरीत काढून टाकलेली वस्तू परत उगवली तर? घरी येईल ना ती, पैशांसकट! जिथे एवढी चूक चालते आणि जिथे अजिबात चालत नाही, त्या दोन जागा एक कशा?

आणखी एक. टोपली ग्राहकाची असते. तिच्यात दुकानदाराने हात घालायचा नाही. २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे आधीच टिचकी मारून ठेवलेल्या चौकटीने ग्राहकाची संमती धरता येत नाही. आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू सरकवणं हा फसवणुकीचा प्रकार म्हणून नाव घेऊन सांगितला आहे. तरी गॅसची शेगडी मागवताना माझ्या टोपलीत विमा येऊन बसला होताच. दुकानाचं नाव घेत नाही. काढून टाकला.

भाच्याचं एक म्हणणं मात्र मी मान्य केलं. वह्या दोन केल्या तर एकीतून दुसरीत उतरवताना मध्येच वीज गेली, पैसे गेले आणि ऑर्डर उतरलीच नाही, असं होऊ शकतं. खरं आहे, आणि त्याला तो काहीतरी ‘एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही’ असा उपाय सांगत होता, तो त्याने करावा. काम वाढतं हेही खरं. पण काम वाढतं म्हणून जनरल रजिस्टर बंद करून फळ्यावर खडूने लिहा, असं मला कोणत्याही मुख्याध्यापकांनी सांगितलं नाही.

सरतेशेवटी मी त्याच्यापुढे अटी ठेवल्या आहेत. कार्ट वेगळ्या तक्त्यात. ‘घेतलं’ म्हटल्या क्षणी नाव, भाव, सवलत, पत्ता सगळं ऑर्डरीत उतरवायचं आणि तेव्हाच क्रमांक द्यायचा. त्यानंतर ऑर्डरीच्या त्या ओळींना त्याने नाही, मी नाही, कोणीच हात लावायचा नाही. रद्द झाली तर पुसायची नाही, ‘रद्द’ची वेगळी नोंद, कोणी केली, कधी केली, किती पैसे परत दिले. अर्धा माल आज आणि अर्धा परवा गेला तर तसं दिसलं पाहिजे. एका ‘स्थिती’च्या रकान्यात काय काय कोंबशील बाबा?

तो म्हणाला, “मावशी, म्हणजे सगळं परत लिहायला लागेल.”

मी म्हटलं, “लिही.”

परवा रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. आधी चहा, मग नेहमीची कुरकुर. मग म्हणाला, मागच्या वर्षीच्या १६४ ऑर्डरींत तेव्हाचे भाव नाहीत, ते आता कुठून आणू? मी कपाटातून शंभर पानी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. संध्याकाळपर्यंत मी वाचत होते आणि तो उतरवत होता. चकली दोन किलो, चारशे चाळीसप्रमाणे, आठशे ऐंशी. अनारसे अर्धा किलो. पेटीवाल्या बाईची थोरली मुलगी शेजारी बसून बेरजा तपासत होती. तिने भाच्याची एक चूक पकडली. बावन्न ऑर्डरी झाल्यात, बाकीच्या पुढच्या रविवारी.